युरेका मिन्योन स्पेशालिटा कॉफी ग्राइंडर: इंदूरच्या ओट्यावरचं परीक्षण

खोकं उघडलं की आधी प्लग बघा. युरोपातून आलेल्या मशीनला पुष्कळदा दोन जाड गोल पिनांचा शुको प्लग असतो. आपल्या युनिव्हर्सल सॉकेटमध्ये तो निमूट बसतो, मशीनही चालू होतं आणि तिथेच घात होतो. शुकोचं अर्थिंग पिनांमध्ये नसतं, प्लगच्या कडेच्या पट्ट्यांमध्ये असतं. आपल्या सॉकेटात त्या पट्ट्यांना टेकायला काहीच नसतं. म्हणजे साडेपाच किलोचं धातूचं धूड बिनअर्थिंगचं चालतंय आणि शेजारी पाण्याने भरलेलं एस्प्रेसो मशीन! इलेक्ट्रिशियनला बोलावून ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग लावून घ्या. रामबाग-मल्हारगंजकडच्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार असेलच असं नाही. फेज आणि अर्थ यांच्यात टेस्ट लॅम्प लावून तेही त्याच फेरीत बघून घ्यावं. मोटर २६० वॉटची, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आतबाहेर, त्यामुळे वेगळी लाइन ओढायची गरज नाही. मात्र घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेल्यावर त्याच्यावर हा ग्राइंडर चालवू नका. मोटर घुमते, तापते आणि दळण मंदावतं.

आता यंत्राकडे. युरेका ही फ्लोरेन्सची १९२० पासूनची कंपनी. मिन्योन मालिकेत अनेक भावंडं आहेत, त्यातला स्पेशालिटा घरगुती एस्प्रेसोसाठी सर्वांत जास्त विचारला जाणारा. आत ५५ मिमी व्यासाचे कडक पोलादाचे चपटे बर्स, म्हणजे दळणाऱ्या दोन चकत्या. मोटर मिनिटाला १३५० फेऱ्यांची, वर ३०० ग्रॅमचा हॉपर, म्हणजे दाणे भरायचा डबा, पुढे छोटा टच स्क्रीन. त्यावर एका आणि दोन कपांच्या डोसची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत ठरवता येते, तिसरं बटण सलग दळण्याचं. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरून एस्प्रेसो मशीनला अडकवायचा मुठीचा भाग, दांड्यावर टेकवून हात सोडता येतो. आवाज खरोखर कमी आहे. पहाटे साडेपाचला घर न उठवता दोन कप दळून होतात. घरातल्या मिक्सरशी तुलनाच नको.

आपल्या जात्यात खालची तळी स्थिर आणि वरची फिरते. इथे उलटं आहे: वरची चकती स्थिर, खालची फिरते आणि बारीक-जाडसाठी वर-खाली सरकतेही तीच. हे नुसतं गंमत म्हणून सांगत नाही. याचा फायदा असा की वरचे तीन स्क्रू काढून चकती बाहेर घेतली, आतली कॉफी झाडली आणि परत बसवली तरी सेटिंग जागचं हलत नाही. ज्या ग्राइंडरमध्ये वरची कॉलर आट्यांवर फिरवून सेटिंग होतं, तिथे प्रत्येक सफाईनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात. घरी दर पंधरा दिवसांनी ग्राइंडर उघडणाऱ्याला हा फरक किती मोठा आहे ते लगेच कळेल.

सेटिंगची चकरी बिनपायऱ्यांची आहे, टकटक करत थांबत नाही. तिच्याबाबत एकच कडक नियम: बारीककडे जाताना मोटर चालूच हवी. बंद असताना फिरवली तर चकत्यांच्या मध्ये अडकलेला दाणा चेपला जातो आणि पुढच्या वेळी बटण दाबलं की मोटर नुसती हुं करते. जाडकडे जाताना एवढं सोवळं नाही.

नव्या मशीनचं शून्य पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. हॉपर रिकामा, आत दाणे नाहीत, मोटर चालू. चकरी अगदी हळू बारीककडे न्यायची. धातूला धातू निसटता लागल्याची किणकिण ऐकू आली की तत्क्षणी मागे फिरायचं. तिथे चकरीच्या शेजारी कागदी टेपचा तुकडा चिकटवून पेनाने रेघ मारा. चकरीवरचे आकडे प्रत्येक नगाला वेगळ्या जागी येतात, म्हणून दुसऱ्या कोणाचा 'अडीचवर ठेवा' हा सल्ला आपल्या मशीनला लागू पडेलच असं नाही. आपल्या रेघेपासून किती सरकलो तेवढंच खरं. एस्प्रेसो बहुधा पहिल्याच फेरीत सापडतो. बोटांच्या चिमटीत चिरोटी रव्याहून बारीक आणि पिठीसाखरेहून किंचित रवाळ लागलं की जवळपास आलो असं समजा.

यानंतरची चाचणी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी लोक करतात. पोर्टाफिल्टरमध्ये बसणारी कॉफीची छिद्रांची वाटी, म्हणजे बास्केट, एकेरी तळाची साधी घ्या. दुहेरी तळाची, एकाच बारीक छिद्राची बास्केट चालणार नाही, कारण ती स्वतःच दाब तयार करते आणि ग्राइंडरचे सगळे दोष झाकते. १८ ग्रॅम कॉफी मुद्दाम जास्त बारीक दळून भरा, दाबा, शॉट, म्हणजे एस्प्रेसोची धार, चालू करा. ९ बारच्या दाबाखाली एक थेंबही पडला नाही, म्हणजे मशीन चोक झालं, तर ग्राइंडर एस्प्रेसोला पुरेल इतकं बारीक दळतो. यापुढच्या बहुतेक तक्रारी आधी कॉफी, डोस किंवा हात यांच्या खाती. किणकिणीच्या अगदी जवळ येऊनही शॉट १२ सेकंदांत धो-धो येत असेल तर मात्र चकती नीट बसलेली नाही, वाकडी आहे किंवा धार गेलेली आहे. चोक झाल्यावर चकरी अगदी थोडी थोडी जाडकडे न्या. १८ ग्रॅमवर ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत आला की थांबा. दर बदलानंतर पहिले दोन-तीन ग्रॅम फेकायचे. जुन्या सेटिंगचा चुरा कॉफी बाहेर पडायच्या नळीत बसलेला असतो, तो नव्यात मिसळला की आपण भुताच्या मागे लागतो.

एक ताकीद. भाजणीची तारीख पाकिटावर नसेल किंवा ती दोन-अडीच महिने मागची असेल तर ही चाचणी करूच नका. शिळ्या दाण्यातला वायू निघून गेलेला असतो, शॉट पाण्यासारखा वाहतो आणि दोष बिचाऱ्या ग्राइंडरला. भाजून आठवडा ते दोन आठवडे झालेली चिकमगळूर किंवा कूर्गची मध्यम भाजणीची अरेबिका चाचणीला उत्तम.

नव्या चकत्यांबद्दल बऱ्याच तक्रारी असतात: रोज सेटिंग बदलावं लागतं, चव कधी आंबट कधी कडू. हा दोष नाही. जात्याला टाकी लावून घेतल्यावर पहिलं दळण कोणी पोळीला वापरत नसे, तसंच हे. यंत्रावर कापलेल्या पोलादी धारेवर सूक्ष्म कूस असते, ती कॉफी दळूनच झिजते. पहिले दोन-तीन किलो जाईपर्यंत चकत्या मुरत नाहीत. रोज दोन डबल शॉट म्हणजे ३६ ग्रॅम. या हिशेबाने ३ किलोला जवळपास तीन महिने लागतात. ज्यांना धीर नाही त्यांनी स्वस्तातले भाजलेले दाणे आणून दळावेत, एका वेळी थोडे, मध्ये मोटर गार होऊ देत. इथे तांदूळ घालू नका. मिक्सरच्या भांड्यात मीठ किंवा तांदूळ फिरवून पात्याला धार लावायची आपल्याकडची युक्ती या यंत्रात उलटते: कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीहून कितीतरी टणक असतो, मोटरवर ताण येतो आणि पांढरं पीठ कानाकोपऱ्यात बसतं. सफाईसाठी धान्यापासून केलेल्या खास गोळ्या मिळतात, उर्नेक्सच्या ग्राइंड्झसारख्या. त्या चालतील.

टायमरचा डोस किती विश्वासाचा? यासाठी ०.०१ ग्रॅमचा काटा लागतो आणि इंदुरात तो शोधायला कॉफीच्या दुकानात जायची गरज नाही. सराफ्यात दिवसा सोनं ज्यावर तोलतात त्या जातीचा छोटा काटा पुरतो. (तिथेच रात्री गराडू घेताना मात्र काट्याची आठवण कोणाला होत नाही.) हॉपर पूर्ण भरा, वेळ एकच ठेवा, लागोपाठ दहा डोस घ्या, प्रत्येक वजन लिहा. सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांतलं अंतर अर्ध्या ग्रॅमच्या आत राहिलं तर टायमरवर समाधान माना. जास्त निघालं तर आधी हॉपर बघा. दाणे तळाशी गेले की वरचं ओझं कमी होतं, दाणे चकत्यांवर लाह्यांसारखे उडतात, त्याच वेळेत कमी कॉफी येते आणि दळणाचा पोतही बदलतो. म्हणून दाणे तिसऱ्या हिश्शाखाली जाऊ देऊ नयेत. हे यंत्र सेकंदाला दीड-दोन ग्रॅम दळतं, त्यामुळे दहाव्या भागाची चूकसुद्धा काट्यावर दिसते. दाणे बदलले की वेळही बदला. मॉन्सून्ड मलबारचा दाणा फुगलेला आणि हलका, तोच सेकंद तीच बारीकी ठेवून वजन वेगळं येतं.

आमचं मत विचाराल तर टायमर पाहुणे आल्यावर वापरावा. रोज पोर्टाफिल्टर काट्यावर ठेवून एखादा ग्रॅम कमी-जास्त केलेला बरा.

नळीत राहणारी कॉफी हे या यंत्राचं खरं उणं आहे. दाणे मोजून हॉपरऐवजी थेट चकत्यांवरच्या तोंडात घातले, १८.० आत, तर पहिल्या वेळी बाहेर १८ येत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वजन जुळतं आणि माणूस निर्धास्त होतो. वजन जुळलं म्हणजे आतलं सगळं बाहेर आलं असं नाही, जुनं बाहेर आणि नवं आत अशी अदलाबदल चालू असते. खात्री करायची तर एकदा काळपट भाजणीचे आणि लगेच फिकट भाजणीचे दाणे दळा आणि पांढऱ्या कागदावर पसरा. काळे ठिपके किती ग्रॅमपर्यंत दिसतात ते बघा. सकाळचा पहिला डोस घेण्याआधी दोन ग्रॅम फेकण्यामागे हेच कारण. महिन्याला ते साठ ग्रॅम होतात. महागडी इस्टेट कॉफी वापरणाऱ्याने हा हिशेब विकत घेण्याआधी करावा.

ऋतूचा भाग इंदुरात टाळता येत नाही. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की दळताना चुरा विजेने भारला जातो आणि नळीच्या तोंडाला, दांड्याला, ओट्याला चिकटतो. तोंडाशी असलेली पाकळी गुठळ्या आणि स्थिर वीज कमी करण्यासाठीच आहे, पण ती चमत्कार करत नाही. चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून मोजलेल्या दाण्यांतून एकदा फिरवला, म्हणजे एखादा थेंब पाणी, की चिकटणं लक्षणीय कमी होतं. ओरेगन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली हे नीट मोजून दाखवलं. फिकट भाजणी धन आणि गडद भाजणी ऋण भारते, आणि दाण्यात ओल जितकी कमी तितका भार जास्त. त्यातला स्वयंपाकघरात उपयोगी मुद्दा असा की पाणी शिंपडल्यावर शॉटचा वेगही बदलतो. एक दिवस थेंब टाकायचा, एक दिवस विसरायचं, असं केलं तर सेटिंग कधीच जुळणार नाही. आणि हे फक्त मोजून घातलेल्या दाण्यांना. हॉपरमध्ये पाणी शिंपडलं तर आत चिखल होतो आणि पोलादाला गंज.

जुलै-ऑगस्टमध्ये चित्र पालटतं. तेच दाणे, तीच रेघ, पण शॉट रेंगाळतो, कारण चुऱ्याने हवेतली ओल घेतलेली असते. चकरी थोडी जाडकडे न्या आणि हॉपरमध्ये त्या दिवसापुरतेच दाणे ठेवा. बाकीचे घट्ट झाकणाच्या डब्यात.

आता बिघाड. मोटर घुमते पण फिरत नाही: लगेच बटण सोडा, प्लग काढा. हॉपर रिकामा करा, चकरी एक फेरी जाडकडे न्या, वरची चकती काढून मधला चुरा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. फुंकरीचा ब्लोअर नको, तो बारीक चुरा मोटरच्या बेअरिंगकडे ढकलतो. आत खडा सापडला तर चकतीचे दात भिंगातून बघा, एखादा तुटलेला दिसला तर दोन्ही चकत्या जोडीने बदलाव्या लागतात. सगळं स्वच्छ असूनही घुमतच असेल तर मोटरला फिरायला धक्का देणारा कपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, म्हणून ते काम मोटर बांधणाऱ्या कारागिराचं, आपलं नव्हे.

मोटर नीट फिरते पण कॉफी येत नाही किंवा धागा-धागा येते: हॉपरची सरकती पट्टी बंद राहिली आहे का बघा. हसू नका, अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. मग तेलकट, काळ्या भाजणीचे दाणे हॉपरच्या तोंडाशी कमान करून अडकलेत का ते पाहा. तिसरं कारण नळी चोंदणं. चकती काढून आतल्या बाजूने ब्रश घाला, पाकळीमागे दाबून बसलेली काळी वडी निघेल. बाहेरून टूथपिक खुपसून पाकळी फाटते. लागोपाठ बरेच डोस दळल्यावर यंत्र अचानक गप्प झालं तर मोटर तापल्यावर वीज तोडणाऱ्या थर्मल कटआउटने काम केलं आहे, अर्धा तास थांबा.

शॉट एका बाजूने फुटून येतो, यासाठी ग्राइंडरला लगेच दोषी धरू नका. बारीक तारांच्या खराट्याने बास्केटमधला चुरा तळापासून ढवळून सपाट करा आणि सरळ दाबा. तरीही रोज तेच होत असेल आणि दळणात पीठ नि भरड दोन्ही एकदम दिसत असेल तरच चकत्यांची समांतरता तपासा.

त्याची पद्धत अशी. प्लग काढून दोन्ही चकत्या सुट्या करा. त्यांच्या बैठका कोरड्या ब्रशने आणि मग नखाने चाचपून साफ करा. वाकडेपणाच्या पुष्कळ प्रकरणांत बैठकीखाली मोहरीच्या चतकोराएवढा कॉफीचा कण निघतो आणि गोष्ट तिथेच संपते. परत बसवताना तिन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर चकती कलते. मग दोन्ही चकत्यांच्या बाहेरच्या सपाट कडेवर व्हाइटबोर्ड मार्कर फिरवा, जोडा, मोटर चालू करून क्षणभर किणकिण ऐका आणि बंद करून उघडा. शाई वरच्या चकतीवर एकाच जागी पुसली आणि खालचीवर सगळीकडे, तर कललेली आहे वरची. खालचीवर एकाच जागी आणि वरचीवर सगळीकडे, तर खालची. दोन्हींवर गोल सारखी पुसली तर सोन्याहून पिवळं. कललेल्या चकतीखाली, जिथे शाई शाबूत राहिली त्या बाजूला, स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा ठेवायचा, पुसलेल्या बाजूला नाही. फॉइल जेमतेम ११ ते १८ मायक्रॉन जाड, पण इथे तेवढ्याचाच प्रश्न असतो. पुन्हा मार्कर, पुन्हा किणकिण. वॉरंटी चालू असेल तर फॉइल लावण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा.

ॲलन की (षटकोनी खाचेच्या स्क्रूची किल्ली), बारीक ब्रश हे सगळं सियागंजच्या हार्डवेअरवाल्यांकडे मिळतं. स्क्रूचं डोकं बिघडवणारी ढिली की मात्र घेऊ नका, चकतीच्या स्क्रूची खाच एकदा गोल झाली की ड्रिल लावण्यावाचून गत्यंतर नसतं.

घ्यावा कोणी? रोज एकाच जातीचे दाणे, एकच कृती, घरात दोघं-तिघं एस्प्रेसो पिणारे, त्यांना याच्यासारखा शांत आणि शिस्तीचा सोबती क्वचित मिळेल. सांचीचं फुल क्रीम दूध घालून कॅपुचिनोच पिणाऱ्यांना याच्यातला आणि दीडपट महाग ग्राइंडरमधला फरक दुधाखाली शोधावा लागेल, त्यांनी पुढचे पैसे वाचवावेत. आठवड्याला तीन प्रकारचे दाणे बदलणाऱ्यांनी एकेक डोस दळणारी यंत्रं बघावीत. निश झीरो त्यातलं प्रसिद्ध, ६३ मिमीच्या शंकूच्या आकाराच्या बर्सचं आणि आत जवळपास काही न ठेवणारं. आणि सकाळी एस्प्रेसो, दुपारी पितळी फिल्टरची डिकॉक्शन असं चालणारं घर असेल तर स्पेशालिटा नको. फिल्टरच्या भरडीपर्यंत जायला चकरी बरीच फिरवावी लागते, परत येताना कागदी टेपवरची रेघ कितव्या फेरीतली होती ते आठवत नाही, आणि संध्याकाळचा पहिला शॉट मोरीत जातो. अशा घरात डिकॉक्शनसाठी हाताने फिरवायचा साधा ग्राइंडर वेगळा ठेवावा.